रस्त्यावरची कुत्री घरी आणली तेव्हा

पाटस हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. एका अंगाने महामार्ग, दुसऱ्या अंगाने पुण्याहून दौंडकडे जाणारा लोहमार्ग, आणि पावसाळा सरला की साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची भर. अशा गावात रस्त्यावरच्या कुत्र्याला आयुष्य किती, याचा अंदाज वाचकांनीच करावा. सकाळी महाविद्यालयात जाताना रस्त्याच्या कडेला मेलेले कुत्रे अधूनमधून दिसतेच. आपण मान वळवतो आणि पुढे जातो. मीही इतकी वर्षे तेच करीत आलो होतो.

२०२४ च्या जुलैमध्ये असेच एक तांबूस रंगाचे कुत्रे पडलेले दिसले. जवळ जाऊन पाहिले तर ती कुत्री होती आणि जिवंत होती. मागचा डावा पाय मोडला होता. त्या दिवशी माझ्याबरोबर दोन विद्यार्थी होते. एकटा असतो तर मी थांबलो असतो की नाही, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. दुखावलेले जनावर वेदनेने चावते हे त्या पोरांना ठाऊक होते. त्यांनी आधी तिच्या तोंडाभोवती टॉवेल गुंडाळला, मग तिला एका दुधाच्या टेम्पोतून गुरांच्या दवाखान्यात नेले. तेथून ती पुण्यातल्या एका निवारा केंद्रात पोचली. पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. केंद्रात तिचे निर्बीजीकरण झाले, रेबीजची लस टोचली गेली. दोन महिन्यांनी फोन आला : ती बरी झाली आहे, पण या पायाने महामार्गावर तिचा निभाव लागायचा नाही, कोणी ठेवून घेईल का?

रविवारी, २२ सप्टेंबरला, आम्ही तिला घरी आणले. घरात मी, पत्नी, माझी आई आणि नववीत शिकणारा मुलगा. मुलाने तिचे नाव 'तांबी' ठेवले. आई म्हणाली, "अरे, आणायचाच होता तर कुत्रा आणायचा. कुत्री कशाला?" आता पिले होणार नाहीत, हे तिला दोनदा समजावून सांगावे लागले.

त्यानंतरच्या चाळीस दिवसांत आम्ही बहुतेक गोष्टी आधी चुकीच्या केल्या. पण त्या का चुकल्या, याची कारणे विज्ञानाच्या पुस्तकांतच सापडत गेली. म्हणून ही हकीकत सांगतो आहे.

पहिल्याच दिवशी चार चुका

घरी आणताच तिला सुवासिक साबणाने आंघोळ घातली. केंद्रातून तिच्याबरोबर आलेले मळके पोते धुऊन वाळत टाकले. मग अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये साखळीने बांधले. संध्याकाळी आळीतली दहा-बारा मुले तिला पाहायला आली, त्यांतल्या प्रत्येकाने डोक्यावर हात फिरवला. आमच्या मते हे सगळे प्रेमच होते.

तांबीने त्या दिवशी काही खाल्ले नाही. रात्री साखळी सोडताच ती घरात शिरली आणि आईच्या खाटेखाली जाऊन बसली. पुढले दोन दिवस ती तेथून फक्त रात्री, सारे झोपल्यावर, बाहेर येई.

असे का व्हावे? शरीर संकटात सापडले की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात जास्त प्रमाणात येऊ लागते. परीक्षेच्या दिवशी तुमच्याही रक्तात ते वाढते. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका निवारा केंद्रातील कुत्र्यांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. केंद्रात येऊन पहिले तीनच दिवस झालेल्या कुत्र्यांमध्ये कॉर्टिसॉल बरेच जास्त आढळले, आणि जास्त दिवस राहिलेल्या कुत्र्यांमध्ये ते उतरलेले दिसले. म्हणजे नवी जागा, मग ती चांगली असो की वाईट, कुत्र्याला आधी संकटच वाटते. तांबीला आमचे घर हे 'घर' आहे, हे कोणी सांगितले होते?

येथे लायकाची आठवण होते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुतनिक-२ मधून अंतराळात गेलेली ही कुत्री मूळची मॉस्कोच्या रस्त्यांवरची. थंडी आणि उपासमार सोसलेले कुत्रे काटक असते, म्हणून रशियन शास्त्रज्ञांनी मुद्दाम रस्त्यावरचीच कुत्री निवडली होती. पण काटक असूनही यानाच्या अरुंद कोठडीची सवय व्हावी म्हणून त्यांना आधीपासून क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत ठेवले गेले, एकेका टप्प्याला वीस-वीस दिवसांपर्यंत. उड्डाणापूर्वी व्लादिमीर याझदोव्स्की या शास्त्रज्ञाने लायकाला आपल्या मुलांशी खेळायला घरी नेले होते. ती परत येणार नाही, हे त्याला माहीत होते. उड्डाणानंतर काही तासांतच यानातील उष्णता वाढून ती मेली. ही गोष्ट जगाला कळली ती २००२ साली. असो. सांगायचे ते असे की, पिंजऱ्याची सवय करायला तज्ज्ञांना वीस-वीस दिवस लागले, आणि आम्ही तांबीला घराची सवय एका संध्याकाळीत करायला निघालो होतो.

साबणाची आणि पोत्याची चूक नंतर ध्यानात आली. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० ते ३० कोटींच्या घरात जातात. आपण खोलीत शिरलो की आधी पाहतो, कुत्रे आधी हुंगते. त्या मळक्या पोत्याला दोन महिन्यांच्या ओळखीचा वास होता. या नव्या घरात तिच्या ओळखीची तेवढी एकच वस्तू होती, आणि ती आम्ही सोड्याच्या पाण्यात बुडवून काढली. तिच्या स्वतःच्या अंगालाही मोगऱ्याचा वास मारत होता. तिसऱ्या दिवशी पत्नीने स्वतःची एक न धुतलेली जुनी साडी खाटेखाली सारली. तांबी त्या रात्री तिच्यावर झोपली.

उन्हाची धाप आणि भीतीची धाप

पत्र्याच्या शेडची चूक मात्र मला, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला, शोभणारी नव्हती. सप्टेंबरच्या अखेरीस दुपारी पत्रा चटका बसेल इतका तापतो आणि खाली बसलेल्या प्राण्यावर उष्णतेचे प्रारण करीत राहतो. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांतच असतात. अंगावर केस, घाम नाही, आणि शरीराचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस. मग ते थंड कसे राहते?

जीभ बाहेर काढून धापा टाकून. जीभ, तोंड आणि नाक यांच्या ओल्या पृष्ठभागावरून हवा वेगाने फिरते, पाणी वाफ होऊन जाते, आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला शरीराच्या तापमानाला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. माठातले पाणी गार होते तेच हे तत्त्व.

पण येथे एक अडचण आहे. मिनिटाला तीनशेच्या आसपास श्वास घ्यायचे म्हणजे छातीच्या स्नायूंना किती काम! त्या कामानेच उष्णता निर्माण होईल, आणि थंड होण्याऐवजी कुत्रे आणखी तापेल. निसर्गाने यातून काढलेली वाट १९६२ साली क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने दाखवून दिली. कुत्र्याची छाती आणि फुप्फुसे मिळून एक लवचीक संस्था होते, आणि प्रत्येक लवचीक संस्थेला तिची स्वतःची नैसर्गिक कंप्रता असते. कुत्र्यात ती सेकंदाला पाचाहून थोडी जास्त आहे, आणि कुत्रे नेमके जवळजवळ त्याच कंप्रतेने धापा टाकते! झोपाळ्याला त्याच्या लयीतच धक्का दिला तर थोड्या जोराने मोठा झोका मिळतो. पुस्तकात 'संस्पंदन' शिकताना स्वरकाट्याचे उदाहरण देतात. धाप टाकणारे कुत्रे घरोघर असते, तेच का देऊ नये?

हे सारे वर्गात सांगायला ठीक. पण पाचव्या दिवशी संध्याकाळी, पाऊस पडून गेल्यावर, गार वाऱ्यात तांबी खाटेखाली धापा टाकताना दिसली तेव्हा मी गोंधळलो. ऊन नाही, पळापळ नाही, मग धाप कशाची? उत्तर असे की, कुत्रे भीतीनेही धापते. हवा गार असून धाप लागली असेल, शेपूट पोटाखाली गेली असेल, कान मागे पडले असतील, भूक नसताना जीभ ओठांवरून फिरत असेल, झोप नसताना जांभया येत असतील, तर ते कुत्रे घाबरलेले आहे असे समजावे. त्या संध्याकाळी शेजारी बोअर मारणारी गाडी आली होती, आणि ते आमच्या कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

फरशीची मोजपट्टी

मुलाला मी एक काम लावून दिले. आमच्या सोप्यात दोन-दोन फुटांच्या शहाबादी फरश्या आहेत. रोज सायंकाळी सहा वाजता त्याने जमिनीवर स्वस्थ बसायचे, तांबीकडे टक लावून पाहायचे नाही, हाक मारायची नाही. ती स्वतःहून किती फरश्यांच्या अंतरावर येऊन बसते, ते वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी सात फरश्या. आठव्या दिवशी तीन.

माझ्या मनात एक लोभ होता. गरम चहा आधी भराभर आणि मग सावकाश थंड होतो, हा न्यूटनचा शीतलन नियम. तसाच सुबक वक्र तांबीच्या अंतराचाही मिळेल आणि तो वर्गात दाखवता येईल. तसे काही झाले नाही. नवव्या दिवशी मुलाने नियम मोडला.

दुपारी तांबी खाटेखाली झोपली होती. याने वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. ती दचकून उठली आणि तिचा दात त्याच्या मनगटात रुतला. खोल नव्हे, पण रक्त आले.

येथे थोडे थांबून बोलले पाहिजे. रेबीज हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत जातो. लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे याने दगावतात, आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशात. त्यात मुलांचे प्रमाण मोठे आहे. पुष्कळ मुले मार बसेल या भीतीने चावल्याचे घरी सांगतच नाहीत. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली, आणि तो वाचला. विषाणू मेंदूपर्यंत पोचण्याआधी लसीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. सारी शर्यत वेळेची असते. म्हणून कुत्रे चावले, ओरखडले, किंवा जखमेवर त्याची लाळ लागली, तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. साबणाने विषाणूचे बाहेरचे स्निग्ध आवरण मोडते. हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावू नये. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे, व डॉक्टर सांगतील तितकी सर्व इंजेक्शने सांगितलेल्या दिवशीच घ्यावीत. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून आपण स्वतःच निर्णय घेऊ नये.

मुलाने पंधरा मिनिटे मोजून हात धुतला. दवाखान्यातून परत येईपर्यंत घरात निकाल लागलेला होता. आई म्हणाली, "जिथून आणली तिथं सोडून या तिला. पोरापुढं काय कुत्र्याचं कौतुक?" पत्नी काही बोलली नाही. खरे सांगायचे तर, माझेही मन त्याच बाजूला झुकले होते.

तांबी वाचली ती डॉक्टरांच्या एका वाक्याने. ते म्हणाले होते, "कुत्री दहा दिवस नजरेसमोर ठेवा." याचे कारण असे : पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याच्या आजाराच्या शेवटच्या काही दिवसांत. चावताना लाळेत विषाणू असेल, तर ते कुत्रे दहा दिवसांच्या आत आजारी दिसते आणि मरते. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल, तर चावले तेव्हा लाळेत विषाणू नव्हता. तेव्हा तांबीला दहा दिवस बाहेर सोडून चालणार नव्हते. मुलाचे इंजेक्शन सुरू झाले, आणि तांबीला मुदत मिळाली.

मुदतीचे दहा दिवस

त्या दहा दिवसांत प्रथमच आम्ही तिच्याकडे नीट पाहिले. मुलाने स्वतःच कबूल केले की, त्याने हात लावण्याआधीच्या दोन दिवसांत ती दोनदा गुरगुरली होती आणि त्याने तिला "चूप!" म्हणून दरडावले होते. ही फार घातक गोष्ट. गुरगुरणे ही कुत्र्याची धोक्याची सूचना आहे. कुकरची शिट्टी आवाज करते म्हणून कोणी तिच्यात कापूस कोंबील काय? गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेले कुत्रे गुरगुरणे सोडते. भीती मात्र तशीच राहते, आणि पुढच्या वेळी ते सूचना न देता चावते.

घरात तीन नियम झाले. तांबी खाटेखाली असताना कोणी तिला हात लावायचा नाही, ती जागा तिची. खाताना आणि झोपेत तिच्याजवळ जायचे नाही. आणि आळीतल्या पोरांनी महिनाभर तिला दुरूनच पाहायचे. तिसरा नियम पाळणे सर्वांत जड गेले.

याच सुमारास मी कुत्र्यांवरच्या संशोधनाचे वाचन केले. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात काही अनोळखी कुत्र्यांना पुनःपुन्हा खाऊ दिला, तर काहींना नुसते थोपटले. पुढे थोपटलेली कुत्रीच माणसाजवळ अधिक विश्वासाने आली. २०२० सालच्या दुसऱ्या प्रयोगात १६० कुत्र्यांपुढे दोन वाडगी ठेवून माणसाने बोटाने एकाकडे निर्देश केला. निम्मी कुत्री जवळ आलीच नाहीत. पण जी आली, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या वाडग्याकडे गेली. यांना कोणी शिकवलेले नव्हते. आणि जी आली नाहीत, ती मुख्यतः भित्री होती. म्हणजे समज आहे. आड येते ती भीती.

हंगेरीत बुडापेस्टच्या ओट्व्होश लोरांड विद्यापीठातले २००१ सालचे काम तर मला फारच आशादायक वाटले. निवारा केंद्रातील प्रौढ कुत्र्यांना एकाच माणसाने फक्त तीन वेळा, दरवेळी दहा मिनिटे, जवळ घेतले, फिरवले, त्यांच्याशी खेळले. एवढ्यावर ती कुत्री त्या माणसाशी ओळखीच्या माणसासारखी वागू लागली. मोठे कुत्रे माणसाळत नाही, पिल्लूच आणावे, ही समजूत खरी नव्हे.

कुत्रा आणि माणूस यांची ही ओळख काही आजची नाही. आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, इनामगावला डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाण युगातली वस्ती उकरून काढली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या गुराढोरांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडे मिळाली आहेत. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, आणि मेंढरे घेऊन आमच्या शिवारात उतरणाऱ्या धनगरांचा तर कुत्र्यावाचून एक दिवस चालत नाही. या सहवासाची खूण कुत्र्याच्या पेशींतही आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या, असे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. माणसाच्या उष्ट्या अन्नावर जगता जगता कुत्र्याला भाकरी पचू लागली. मात्र नुसत्या भाकरीवर भागत नाही, प्रथिने हवीतच. आम्ही भाकरीत अंडे कुस्करून देतो. शेजारून प्रेमाने आलेला मटणाचा रस्सा मात्र देत नाही. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेट आणि द्राक्षेही विषारी. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात, तीही नकोत.

दहा दिवस संपले त्या दिवशी वहीत 'दोन फरश्या' अशी नोंद आहे. दोन दिवसांनी दसरा होता. तिला परत नेण्याची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही.

रात्री अंगणात का नको?

आईची एक मागणी मात्र शिल्लक होती : दिवसा असू दे घरात, रात्री बाहेर बांधा, राखण तरी होईल. वरवर पाहता रास्त. पण जुन्नर-शिरूरपासून आमच्या दौंडपर्यंत उसात बिबट्या राहू लागला आहे, हे गावात सगळे जाणतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून त्यांचे खाद्य ठरवले. २०१४ सालच्या त्यांच्या निबंधाप्रमाणे बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेले ताट, आणि त्या ताटासाठी तो आपल्या दारापर्यंत येतो. हे ऐकल्यावर आईने स्वतःच सोप्याच्या दाराला आतून कडी घातली.

दिवाळी

यंदा फटाके कमी, असे दरवर्षी म्हणतात. ३१ ऑक्टोबरला, तांबी येऊन चाळीस दिवस झाले असताना, पहिला सुतळी बाँब वाजला आणि ती दोन तास खाटेखालून निघाली नाही. वहीत पुन्हा सहा फरश्या.

माणसाला सेकंदाला २० ते २०,००० कंपने असलेला ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याची वरची मर्यादा ४५,००० च्या आसपास जाते. स्टीलचे ताट फरशीवर पडले की त्यातून निघणारी कितीतरी उच्च कंपने आपल्याला ऐकूच येत नाहीत, तिला येतात. फटाक्यांच्या आवाजासाठी आपल्या देशात, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबेल, अशी मर्यादा आहे. डेसिबेलची मोजणी फसवी असते : दर दहा डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबेल कमी होतात. तेव्हा ४ मीटरवरचे १२५ डेसिबेल ६४ मीटरवर सुमारे १०१ उरतात. हिशेब करून पाहा. मोठ्याने चाललेल्या गप्पांचा आवाजही याच्या खूप खाली असतो.

अंतर वाढवणे आमच्या हाती नव्हते. भिंती वाढवणे होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तांबीला माजघरात ठेवले, जेथे बाहेरची एकही भिंत नाही. खिडक्यांना गाद्या लावल्या, मऊ कापूस ध्वनी शोषून घेतो. एक पंखा मुद्दाम घरघरत ठेवला. मुलगा जवळ वही घेऊन बसला. ती येऊन चिकटली तर तिला दूर लोटायचे नाही. घाबरलेल्याला धीर दिल्याने भीती वाढत नाही.

दिवाळीनंतर खरे काम सुरू केले. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना तालमापकाची टिकटिक ऐकून लाळ सुटत असे, कारण त्या आवाजामागून अन्न येई. या शिकण्याला अभिसंधान म्हणतात. तेच आम्ही भीतीवर वापरले. मोबाइलवर फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज, अगदी ऐकू येईल न येईल इतका, आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. ती दचकली तर आवाज आणखी कमी. आठवड्याला थोडासा वाढवायचा. यात एक मर्यादा आहे, ती मान्य केली पाहिजे. मोबाइलच्या चिमुकल्या ध्वनिवर्धकातून फटाक्याचा धक्का येत नाही, आणि तिला ऐकू येणारी सर्वांत उच्च कंपने तर मुद्रणातच उतरलेली नसतात. म्हणजे आम्ही खऱ्या फटाक्याच्या सावलीशी सराव करीत होतो. तरीही केला.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात जो आदेश दिला, त्यात रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्याची मुभा होती, आणि एक अटही होती : दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. वर्तमानपत्रात ते वाचताना मला नववा दिवस आठवला. परत नेऊन सोडलेल्या कुत्र्याची स्थिती पहिल्यापेक्षा वाईट असते. रस्त्यावरची त्याची जागा दुसऱ्यांनी घेतलेली असते आणि माणसावरचा विश्वासही गेलेला असतो. ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षे हे निभावणे शक्य नाही, त्यांनी कुत्रे आणू नये. दारातल्या कुत्र्याला लस टोचून आणणे हेही लहान काम नाही.

२०२५ च्या दिवाळीत पहिल्या बाँबला तांबी खाटेखाली गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली. मुलाने घड्याळ लावले होते. उसाच्या हंगामात मात्र मोठाले कर्णे लावून गाणी वाजवत जाणारे ट्रॅक्टर येतात, त्यांची भीती अजून गेलेली नाही. गाणे दूरवर असतानाच तिचे कान उभे राहतात, आणि आपल्याला ते ऐकू येण्याआधी ती उठून आईच्या खोलीत जाते. आई न पाहताच पाय वर घेते.